मूत्राशयाच्या कर्करोगाच्या मूत्रचाचण्या : दावे, पुरावे आणि न विचारलेला प्रश्न

प्रास्ताविक

मूत्र पाहून रोग ओळखण्याची परंपरा फार जुनी आहे. मूत्राच्या पृष्ठभागावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो यावरून रोगाचे साध्यासाध्यत्व ठरविण्याची 'योगरत्नाकर' ग्रंथातील तैलबिंदू परीक्षा आयुर्वेदाच्या अभ्यासकांना परिचित आहे. युरोपातही काचेच्या भांड्यातील मूत्राचा रंग न्याहाळून निदान सांगणाऱ्यांचा एके काळी एवढा सुळसुळाट झाला होता की, १६३७ मध्ये टॉमस ब्रायन यांना अशा 'मूत्रभविष्यवाद्यां'ची झडती घेणारा स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. या मंडळींची चूक मूत्र पाहण्यात नव्हती. मूत्रातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते आणि कोणत्या प्रश्नाचे मिळू शकत नाही, याचा विवेक त्यांनी केला नाही, ही खरी चूक होती. आज रंगाची जागा प्रथिनांनी, आरएनएने आणि डीएनएने घेतली आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या निदानासाठी निघालेल्या आधुनिक चाचण्यांनी तो विवेक कितपत पाळला, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मूत्राशयाच्या बाबतीत मूत्राकडून अपेक्षा ठेवणे मुळीच गैर नाही. इतर बहुतेक अवयवांचा मूत्राशी येणारा संबंध रक्तामार्फत, म्हणजे अप्रत्यक्ष असतो. मूत्राशयाच्या आतील अस्तरावर उगवलेली गाठ मात्र तासन्‌तास मूत्रातच बुडालेली असते. तिच्या पेशी गळून मूत्रात पडतात आणि रक्तही मूत्रात मिसळते. वेदनेविना मूत्रातून रक्त जाणे हे या रोगाचे सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. हा रोग विरळाही नाही. जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे २ लाख २० हजार मृत्यू नोंदले गेले.

निदानाची प्रमाणभूत पद्धत सिस्टोस्कोपी ही होय. सामान्य रुग्ण तिला 'दुर्बिणीची तपासणी' म्हणतात. मॅक्सिमिलियन निट्झे यांनी १८७७ मध्ये या उपकरणाचे पहिले रूप दाखविले आणि पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. तथापि मूत्रमार्गातून नळी आत घालावी लागते, ही अडचण कायम राहिली. निदानाच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत रोग स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. अशा रुग्णाची गाठ काढता येते, मूत्राशय वाचतो. परंतु गाठ पुनःपुन्हा उगवण्याची प्रवृत्ती मोठी असते. त्यामुळे जास्त जोखमीच्या रुग्णाला पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी दुर्बिणीला सामोरे जावे लागते. ही यातायात एका साध्या बाटलीत घेतलेल्या मूत्राने टळावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. इच्छा प्रबळ असली की पुराव्याची छाननी सैल होते, हा धोका मात्र येथेच उद्भवतो.

पेशीपरीक्षा : मर्यादा मान्य केल्याचे फळ

मूत्रातील कर्कपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याची नोंद १८५६ मध्ये व्हिलेम लांबल यांनी केली होती. शास्त्रशुद्ध पद्धत म्हणून तिला प्रतिष्ठा लाभली ती १९४५ मध्ये, पापानिकोलाउ आणि मार्शल यांच्या 'सायन्स' या नियतकालिकातील लेखामुळे. गर्भाशयमुखाच्या 'पॅप' चाचणीमुळे ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले तेच हे पापानिकोलाउ.

पेशीपरीक्षेचे यशापयश एका वाक्यात सांगता येते. उच्च श्रेणीच्या, म्हणजे आक्रमक स्वभावाच्या कर्करोगातील सुमारे ८४ टक्के रुग्ण ती ओळखते. निम्न श्रेणीच्या गाठी असलेल्यांपैकी केवळ १६ टक्क्यांच्या आसपास. युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत हेच आकडे दिलेले आहेत. कारणही उघड आहे. निम्न श्रेणीच्या गाठीतील पेशी दिसायला जवळजवळ निरोगी पेशींसारख्याच असतात आणि सहजासहजी गळूनही पडत नाहीत.

या मर्यादेला दोन प्रकारे तोंड देता आले असते. निम्न श्रेणीच्या गाठी पकडण्यासाठी संशयाची रेषा खाली आणावी, हा एक मार्ग. अनेक दशके प्रयोगशाळांत कमीअधिक प्रमाणात हेच चालले आणि त्यामुळे 'असामान्य पेशी' या निर्णायकी नसलेल्या शेऱ्याचे पेव फुटले. असा शेरा हाती पडलेल्या रुग्णाने काय करावे हे रुग्णालाही कळत नसे आणि डॉक्टरांनाही. दुसरा मार्ग पॅरिस पद्धतीने स्वीकारला. २०१३ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत या पद्धतीच्या कामास प्रारंभ झाला. तिची पहिली आवृत्ती २०१६ मध्ये आणि दुसरी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने स्पष्टपणे ठरविले की, पेशीपरीक्षेचे काम उच्च श्रेणीचा कर्करोग शोधणे हेच आहे. पेशीकेंद्र आणि पेशीद्रव्य यांचे गुणोत्तर ०.७ किंवा अधिक असणे, केंद्रकाचा गडदपणा, त्याच्या कडेचा ओबडधोबडपणा असे निकष त्यासाठी निश्चित करण्यात आले.

वरवर पाहता ही माघार वाटेल. प्रत्यक्षात या क्षेत्रातील ती सर्वांत समंजस कृती मानावी लागेल. निम्न श्रेणीची गाठ क्वचितच जीव घेते. तिचे निदान काही महिने लांबले तर सहसा अनर्थ होत नाही. उच्च श्रेणीच्या रोगात मात्र विलंब प्राणांवर बेततो. तेव्हा कोणती चूक परवडते आणि कोणती नाही, याचा निर्णय पेशीपरीक्षेच्या अभ्यासकांनी आधी घेतला आणि चाचणीचे निकष त्यानंतर ठरविले. पुढील काळात आलेल्या व्यापारी चाचण्यांनी बहुतांशी याच्या उलट क्रम स्वीकारला. रेणू आधी सापडला, चाचणी तयार झाली, आणि ती कोणासाठी हा प्रश्न सर्वांत शेवटी आला.

२००५ चा अभ्यास आणि त्यातील अंकगणित

१९९० च्या दशकात प्रथिनांवर आधारित चाचण्या पुढे आल्या. त्यांतील बीटीए ही चाचणी 'कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच'शी नाते असलेले प्रथिन शोधते. गंमत अशी की, फॅक्टर एच हे प्रथिन मनुष्याच्या रक्तात मुबलक असते. त्यामुळे मूत्रात कोणत्याही कारणाने रक्त उतरले तरी चाचणी होकार देऊ शकते. ज्या लक्षणामुळे रुग्ण चाचणीला येतो, त्याच लक्षणाने चाचणी फसते! चोर पकडण्यासाठी ठेवलेल्या कुत्र्याने प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकावे, त्यातला हा प्रकार होय.

एनएमपी-२२ ही चाचणी अधिक गंभीर विचारास पात्र आहे. पेशीकेंद्राच्या सांगाड्याशी निगडित असलेले हे प्रथिन पेशी मरताना मूत्रात सुटते. ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी या चाचणीचा केलेला अभ्यास २००५ मध्ये 'जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन'मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील दहा राज्यांतील २३ केंद्रांत, लक्षणे किंवा जोखीम असलेल्या १,३३१ व्यक्तींची एनएमपी-२२ चाचणी आणि सिस्टोस्कोपी करण्यात आली. ७९ जणांत कर्करोग आढळला. चाचणीने त्यांपैकी ४४ ओळखले, म्हणजे संवेदनशीलता ५५.७ टक्के. पेशीपरीक्षेने ७६ पैकी १२ ओळखले, म्हणजे १५.८ टक्के. अभ्यास मोठा होता, अनेक केंद्रांत झाला होता आणि त्यात रुग्ण हेतुपुरस्सर निवडून घेतलेले नव्हते. या तिन्ही बाबतींत तो आधीच्या बहुतेक अभ्यासांहून सरस होता, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि 'पेशीपरीक्षेपेक्षा तिपटीहून अधिक संवेदनशील' एवढेच वाक्य या अभ्यासातून उचलले गेले, तर दिशाभूल होते. कोणत्याही चाचणीचे दुसरे अंग म्हणजे विशिष्टता. ज्यांना रोग नाही त्यांना 'नाही' असे सांगण्याची क्षमता. एनएमपी-२२ची विशिष्टता ८५.७ टक्के आणि पेशीपरीक्षेची ९९.२ टक्के होती. टक्केवारीतील हे अंतर किरकोळ भासते. माणसांच्या संख्येत मांडले की त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. कर्करोग नसलेल्या १,२५२ व्यक्तींपैकी सुमारे १७९ जणांना चाचणीने फसवा होकार दिला. म्हणजे होकार मिळालेल्या सुमारे २२३ व्यक्तींत खरे रुग्ण ४४; पाच होकारांमागे एक खरा. उरलेल्या चौघांना काही दिवस कर्करोगाच्या छायेत काढावे लागतात आणि शेवटी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावीच लागते. 'शरीरात उपकरण न घालता होणारी चाचणी' हे वर्णन त्यांच्या बाबतीत केवळ पहिल्या टप्प्यापुरते खरे ठरते.

नकाराचे गणित याहून बोधप्रद आहे. चाचणीने नकार दिलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के व्यक्तींना खरोखरच कर्करोग नव्हता. हा आकडा जाहिरातीत शोभून दिसतो. परंतु या १,३३१ जणांपैकी ९४ टक्के व्यक्तींना मुळातच कर्करोग नव्हता. कोणतीही चाचणी न करता प्रत्येकाला 'तुम्हाला कर्करोग नाही' असे सांगणारा मनुष्य ९४ टक्के वेळा बरोबर ठरला असता. चाचणीने भर घातली ती या ९४ आणि ९७ मधील अंतराएवढी. शिवाय नकार मिळालेल्यांत ३५ कर्करुग्ण होते, हेही विसरता येत नाही.

पेशीपरीक्षेच्या १५.८ टक्क्यांविषयीही एक शंका उपस्थित होते. पेशीपरीक्षेचे यश गाठींची श्रेणी आणि वाचणाऱ्याचे कौशल्य यांवर अवलंबून असते आणि इतरत्र नोंदलेले तिचे आकडे यापेक्षा बरेच चांगले आहेत. प्रतिस्पर्धी दुर्बल निघाला की विजय मोठा दिसतो. याउलट, या अभ्यासातील एका निरीक्षणाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेले नाही. पहिल्या सिस्टोस्कोपीत न दिसलेले चार कर्करोग या चाचणीने दाखवून दिले. त्यांतील तीन स्नायूपर्यंत पोहोचलेले होते आणि एक अस्तरापुरताच सपाट पसरलेला, उच्च श्रेणीचा होता. याच गटाने उपचारोत्तर देखरेखीतील ६६८ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे एकट्या सिस्टोस्कोपीने १०३ पैकी ९४ पुनरुद्भव ओळखले आणि चाचणीच्या जोडीने १०२. दुर्बिणीला पर्याय म्हणून अपुरी असलेली चाचणी दुर्बिणीची सोबतीण म्हणून उपयोगी पडू शकते, असा याचा अर्थ. पण सोबतीणीने दुर्बिणीची एकही फेरी वाचत नाही. आणि वाचविण्याचे आश्वासन तर तेच होते.

'अगाऊ होकार' आणि पुराव्याची निसरडी वाट

गुणसूत्रांवर आधारित युरोव्हिजन या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये देखरेखीसाठी मान्यता दिली. मूत्रातील पेशींत ३, ७ आणि १७ या गुणसूत्रांची संख्या वाढली आहे काय आणि ९ व्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा नाहीसा झाला आहे काय, हे ती चमकणाऱ्या रंजकांच्या साहाय्याने पाहते. या चाचणीच्या निमित्ताने एक संकल्पना रूढ झाली, ती अशी : चाचणीचा होकार आला, सिस्टोस्कोपीत काही दिसले नाही, परंतु काही महिन्यांनी गाठ उगवली. अशा होकाराला फसवा न म्हणता 'अगाऊ होकार' म्हणावे, असे सुचविण्यात आले.

जीवशास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य आहे. इराणमधील गोलेस्तान येथील समूह-अभ्यासात जतन केलेल्या मूत्रनमुन्यांत, पुढे ज्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या व्यक्तींमध्ये टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागातील बदल निदानापूर्वी आढळले. काही बाबतींत तर दहा वर्षांपर्यंत आधी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष विलक्षण आहेत. परंतु त्याच वर्षी 'सायन्स'मध्ये लॉसन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, कर्करोग नसलेल्या मूत्राशयाच्या अस्तरातही कर्करोगाशी संबंधित जनुकांत बदल झालेल्या पेशींचे असंख्य छोटे समूह वयपरत्वे नांदत असतात. त्यांतील बहुसंख्य कधीच कर्करोग होत नाहीत. मूत्रात बदललेला डीएनए सापडणे आणि कर्करोग असणे यांत अंतर आहे. ते कमी करण्यासाठी कोणता बदल निवडावा, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरतो.

पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने 'अगाऊ होकार' ही संकल्पना अधिक आक्षेपार्ह आहे. वारंवार उद्भवणाऱ्या रोगात पुरेसा काळ वाट पाहिली की पुष्कळांना गाठ येतेच. मग वाट किती काळ पाहायची? मुदत आधी ठरवून दिली नसेल, तर प्रत्येक चूक उद्याचे यश म्हणून नोंदविता येते. चाचणी चुकीची ठरण्याची शक्यताच शिल्लक राहत नाही. फलज्योतिषावर घेतला जाणारा आक्षेप याहून वेगळा नाही.

नेदरलँड्समधील सेफब या यादृच्छिक विभागणीच्या अभ्यासाने या प्रश्नाला अनपेक्षित बाजूने स्पर्श केला. त्यात एका गटातील डॉक्टरांना मूत्रचाचणीचा निकाल कळविला जाई, दुसऱ्या गटातील डॉक्टरांना नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, होकाराची माहिती असलेल्या डॉक्टरांना दुर्बिणीतून अधिक गाठी दिसल्या. उपकरण तेच, रुग्ण तशाच प्रकारचे. पाहणाऱ्याची सावधता बदलली. याचा अर्थ, ज्या सिस्टोस्कोपीला निर्णायक मानून मूत्रचाचण्यांचे गुण ठरविले जातात, ती स्वतः मानवी नजरेवर अवलंबून आहे. मूत्रचाचण्यांवरील टीका करताना ही गोष्ट वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु निकाल ठाऊक असलेल्या डॉक्टरांकडूनच ज्या अभ्यासांत सिस्टोस्कोपी करवून घेतली गेली, त्यांत चाचणीचे यश फुगलेले असण्याची शक्यता आहे, हेही त्यातूनच निष्पन्न होते.

प्रश्न बदलल्यावर

नव्या पिढीतील चाचण्या एका रेणूऐवजी अनेक रेणूंचा समुच्चय पाहतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेली यूरोसीक ही चाचणी मूत्रातील डीएनएत निवडक जनुकांचे बदल आणि गुणसूत्रांच्या संख्येतील बिघाड शोधते. जोखीम असलेल्या ५७० व्यक्तींच्या गटात पुढे ज्यांना कर्करोगाचे निदान झाले त्यांच्यापैकी ८३ टक्के तिने ओळखले; पेशीपरीक्षेची जोड दिल्यावर हे प्रमाण ९५ टक्क्यांवर गेले. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे विकसित झालेली सीएक्स-ब्लॅडर ही चाचणी पाच जनुकांचा आरएनए मोजते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८५ रुग्णांच्या अभ्यासात तिची संवेदनशीलता ८२ टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के होती. विशिष्टतेचा हा आकडा एनएमपी-२२च्या २००५ मधील आकड्याशी जवळजवळ जुळतो, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. संवेदनशीलता सुधारली, फसव्या होकारांचे ओझे होते तेवढेच राहिले.

खरा बदल रसायनात झाला नाही, तर प्रश्नात झाला. 'कर्करोग कोणाला आहे?' या प्रश्नाऐवजी 'दुर्बिणीची तपासणी कोणाला टाळता येईल?' असा प्रश्न विचारला जाऊ लागला. या दोन प्रश्नांना लागणारे गुण निराळे आहेत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी होकार फसवा निघाला तरी फारसे बिघडत नाही, कारण त्या रुग्णाची तपासणी एरवीही झालीच असती. नकार मात्र विश्वासार्ह हवा.

हा प्रश्न निर्माण होण्यामागे मार्गदर्शक सूचनांचा इतिहास आहे. मूत्रात डोळ्यांना न दिसणारे, केवळ सूक्ष्मदर्शकाखाली आढळणारे रक्त असेल, तर ३५ वर्षे व त्यापुढील वयाच्या प्रत्येकाची सिस्टोस्कोपी करावी, असे अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सुचविले होते. ब्रिटनमधील ४० रुग्णालयांतील ३,५५६ रुग्णांच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र असे दिसले की, डोळ्यांना दिसणारे रक्त असलेल्यांपैकी ११ टक्के, तर न दिसणारे रक्त असलेल्यांपैकी केवळ २.७ टक्के व्यक्तींना मूत्राशयाचा कर्करोग होता. म्हणजे दुसऱ्या गटातील शंभरातील सत्त्याण्णव जणांना दुर्बीण व्यर्थ सोसावी लागत होती. अमेरिकी सूचना २०२० मध्ये बदलल्या आणि वय, धूम्रपान व रक्ताचे प्रमाण यांवरून जोखमीचे तीन स्तर करण्यात आले. स्ट्राटा या यादृच्छिक विभागणीच्या चाचणीत, कमी जोखमीच्या रुग्णांना सीएक्स-ब्लॅडरचा निकाल उपलब्ध करून दिल्यावर त्यांच्यातील सिस्टोस्कोपीचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी जोखमीच्या रुग्णांची संख्या लहान होती, ही त्रुटी आहे. असे असले तरी चाचणीने डॉक्टरांचा आणि रुग्णांचा निर्णय प्रत्यक्षात बदलतो काय, हे तपासणारा अभ्यास म्हणून त्याचे मोल केवळ संवेदनशीलतेचे आकडे देणाऱ्या डझनभर लेखांहून अधिक आहे. २०२५ मध्ये अमेरिकी सूचनांत झालेल्या दुरुस्तीने, मध्यम जोखमीच्या ज्या रुग्णाला दुर्बीण टाळायची आहे, त्याच्याशी विचारविनिमय करून प्रमाणित मूत्रचाचणी वापरण्यास वाव दिला. वाव मर्यादित आहे आणि तो मर्यादित ठेवण्यातच शहाणपण आहे.

निरोगी माणसांची चाळणी

एखादी चाचणी रुग्णालयात उपयुक्त ठरली की तिला रस्त्यावर आणण्याचा मोह होतो. ९० टक्के संवेदनशीलता आणि ८५ टक्के विशिष्टता असलेली एक कल्पित चाचणी घेऊन या मोहाची परीक्षा करता येते. ब्रिटिश अभ्यासातील दिसणारे रक्त असलेल्या एक हजार रुग्णांवर ती वापरली, तर होकार मिळालेल्या दर पाच व्यक्तींत सुमारे दोन खरे रुग्ण निघतील. न दिसणारे रक्त असलेल्यांत दर सात होकारांत एक. आणि ज्या समाजात हजारात एकालाच हा रोग आहे, तेथे सुमारे दीडशे होकारांत एक. चाचणी तीच, रसायने तीच. विचारणा कोणाकडे केली एवढाच फरक. एखाद्या चाचणीचा 'अचूकपणा' हा तिच्या खोक्यावर छापता येण्याजोगा स्थायी गुणधर्म नसतो, हे सांख्यिकीच्या प्राध्यापकांना नव्याने सांगावयास नको. वैद्यकीय वृत्तलेखनात मात्र ते सर्रास विसरले जाते.

लक्षणे नसलेल्या प्रौढांची सरसकट चाचणी करावी की नाही हे ठरविण्यास पुरावा अपुरा आहे, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०११ मध्ये जाहीर केले. अनुकूल पुरावा म्हणून विस्कॉन्सिनमधील अभ्यासाचा उल्लेख वारंवार होतो. तेथे ५० वर्षांवरील १,५७५ पुरुषांनी घरच्या घरी रासायनिक पट्टीने मूत्रातील रक्त तपासले. २१ जणांत कर्करोग सापडला आणि पुढील १४ वर्षांत त्यांपैकी कोणीही या रोगाने दगावला नाही. आशा वाढविणारे हे निष्कर्ष असले, तरी तुलना कर्करोग नोंदणीतील इतर रुग्णांशी होती, यादृच्छिकपणे निवडलेल्या गटाशी नव्हती. स्वेच्छेने चाचणीला येणारे लोक बहुधा प्रकृतीविषयी अधिक जागरूक असतात. शिवाय लवकर शोधलेल्या रोगात जगण्याचा काळ आपोआप लांब दिसतो, कारण मोजणीच आधी सुरू होते.

एका गटाच्या बाबतीत मात्र चाळणीला भक्कम आधार आहे. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठींचे आधिक्य दाखवून दिले. १९५४ मध्ये केस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील रंगउद्योगातील कामगारांचा अभ्यास करून सुगंधी अमाइन रसायनांशी असलेले नाते निर्विवाद केले. ज्यांची जोखीम ज्ञात आहे, कारण ज्ञात आहे आणि ज्यांची यादी करता येते, अशा समूहात होकाराला वजन प्राप्त होते. आता हीच रसायने प्रामुख्याने तंबाखूच्या धुरातून शरीरात जातात आणि या रोगाच्या निम्म्याच्या आसपास प्रकरणांची जबाबदारी धूम्रपानाकडे जाते.

भारतीय संदर्भ

वर उल्लेखिलेले बहुतेक अभ्यास युरोप, अमेरिका, न्यूझीलंड येथील आहेत. तेथील आकडे जसेच्या तसे भारतात आणणे दोन कारणांनी अयोग्य ठरते. पहिले, भारतात या रोगाचे प्रमाण युरोपपेक्षा बरेच कमी आहे. वरील अंकगणितानुसार फसव्या होकारांचा वाटा येथे आपोआप वाढेल. दुसरे, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मुतखडा आणि मूत्रपिंडाचा क्षयरोग यांमुळे अस्तराचा दाह होतो, पेशी मरतात, रक्त येते. प्रथिनांवर आधारित चाचण्या नेमक्या याच परिस्थितीत फसतात. परदेशी अभ्यासांत असे रुग्ण बहुधा वगळलेले असतात. भारतीय बाह्यरुग्ण विभागात त्यांना वगळले तर रांगेत फार थोडे उरतील.

रोगाचा प्रकारही देशपरत्वे बदलतो. मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहणाऱ्या शिस्टोसोमा कृमीमुळे इजिप्तमध्ये दीर्घकाळ शल्कपेशींचा कर्करोग बहुसंख्येने आढळत असे. पाश्चात्त्य चाचण्या मात्र मूत्रमार्गाच्या नेहमीच्या अस्तरपेशींच्या कर्करोगावर बेतलेल्या आहेत. भारतात हा कृमी जवळजवळ नाही, अपवाद महाराष्ट्रातला. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे त्याचा स्थानिक प्रादुर्भाव असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये नोंदविले होते. कर्करोगाच्या दृष्टीने या नोंदीचे महत्त्व मर्यादित असले, तरी एका जिल्ह्यातील मूत्र दुसऱ्या जिल्ह्यातील मूत्रासारखे असेलच असे गृहीत धरता येत नाही, एवढे ती निश्चित सांगते.

येथील खरी अडचण चाचणीच्या अलीकडची आहे. लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणून धणे-जिऱ्याचे पाणी घेण्याची पद्धत घरोघरी आहे आणि साध्या जळजळीला ते पुरतेही. परंतु रक्त आले आणि आपोआप थांबले तर उष्णतेवर खापर फोडून विषय संपविला जातो. या रोगातील रक्तस्राव अधूनमधून थांबतो आणि दुखत नाही, हीच त्याची फसवणूक. स्त्रियांच्या बाबतीत रक्ताचा संबंध मासिक पाळीशी किंवा जंतुसंसर्गाशी जोडला जातो आणि प्रतिजैविकांच्या एकामागून एक फेऱ्यांत महिने जातात. स्त्रियांतील निदान उशिरा होते ही गोष्ट पाश्चात्त्य देशांतही नोंदलेली आहे. मूत्रचाचणी कितीही सूक्ष्म असली तरी बाटली प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीचा हा काळ ती वाचवू शकत नाही.

खासगी प्रयोगशाळांच्या 'हेल्थ चेकअप पॅकेज'मध्ये कर्करोगाच्या निरनिराळ्या चाचण्या आधीच समाविष्ट होत आहेत. मूत्राशयाच्या चाचण्यांचाही त्यांत प्रवेश झाला, तर लक्षणे नसलेल्या शहरी ग्राहकांच्या वाट्याला दीडशेतील एकोणपन्नासाधिक शतकाचा फसवा होकार येईल. बिडी ओढणाऱ्या आणि लघवीतून एकदा रक्त गेलेल्या शेतमजुराच्या वाट्याला मात्र ती येणार नाही, कारण त्याच्यासाठी तिची किंमत आणि जिल्ह्याच्या ठिकाणची खेप दोन्ही आवाक्याबाहेर आहेत. त्याच्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालील मूत्रपरीक्षा आणि कुशल पेशीपरीक्षक हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील उपलब्ध साधन अधिक निकटचे आहे. भारतात एखाद्या मूत्रचाचणीचा अभ्यास हाती घेतला गेलाच, तर त्यात जंतुसंसर्ग आणि मुतखडा असलेले रुग्ण वगळले होते की सामावून घेतले होते, सिस्टोस्कोपी करणाऱ्यास चाचणीचा निकाल ठाऊक होता की नव्हता, आणि नकार मिळालेल्या किती रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा झाला, या तीन नोंदी संवेदनशीलतेच्या आकड्यापूर्वी वाचल्या जाव्यात.